लुई बाशलिये आणि तेजी-मंदीचे गणित

तेजी-मंदीचे व्यवहार मुंबईच्या बाजारास जुनेच आहेत. ठराविक मुदतीत, आज ठरलेल्या भावाने खरेदी करण्याचा हक्क म्हणजे ‘तेजी’ व विक्री करण्याचा हक्क म्हणजे ‘मंदी’. ह्या हक्काचे आज काय मोल द्यावे? व्यापारी हे अनुभवाने ठरवीत. त्यास गणिताचा पाया घातला तो लुई बाशलिये (१८७०–१९४६) ह्या फ्रेंच गणितज्ञाने.

मद्यव्यापाऱ्याचा हा मुलगा १८८९ साली पोरका झाला व काही काळ त्यास घरचा व्यापार पाहावा लागला. २९ मार्च १९०० रोजी त्याने पॅरिस येथे सट्ट्याच्या उपपत्तीवरील आपला प्रबंध मांडला.

त्यातील मुख्य विचार उदाहरणाने स्पष्ट होईल. अंबरनाथच्या एखाद्या कारखान्याच्या शेअरचा भाव आज १०० रुपये आहे, असे समजू. उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्यास तो महिनाभरात १०० रुपयांसच घेण्याचा हक्क ४ रुपयांना मिळतो. मुदत चार महिन्यांची केल्यास त्या हक्काचे मोल किती? १६ नव्हे, तर सुमारे ८ रुपये. कारण रोजचे चढउतार परस्परांवर अवलंबून नसल्यास ते काही अंशी एकमेकांस छेदतात. म्हणून भावाची अनिश्चितता काळाच्या प्रमाणात न वाढता काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. द्रवातील सूक्ष्म कणांच्या हालचालीविषयी आइन्स्टाइनने हाच नियम १९०५ साली स्वतंत्रपणे मांडला.

परीक्षक प्वांकारे ह्यांनी प्रबंधाची प्रशंसा केली; तथापि विषय रूढ चाकोरीबाहेरचा असल्याचेही नमूद केले. सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. बाशलियेस कायम प्राध्यापकपद लाभले ते १९२७ साली, बेझाँसाँ येथे. त्याच्या सिद्धान्तात भाव शून्याखाली जाण्यास मुभा होती. हा दोष सॅम्युएल्सन प्रभृतींनी पुढे दूर केला आणि १९७३ साली ब्लॅक, शोल्स व मर्टन ह्यांची सुप्रसिद्ध सूत्रे प्रसिद्ध झाली.

भारतात रोख्यांतील अशा हक्कांच्या व्यवहारांस १९५६ च्या कायद्याने बंदी होती. ती १९९५ साली उठली व २००१ पासून हे व्यवहार शेअरबाजारात रीतसर सुरू झाले. आज उल्हासनगर-बदलापूरचा रहिवासीही ते घरबसल्या करू शकतो. अशा वेळी बाशलियेचे गृहीततत्त्व ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे: सटोडियाच्या लाभाची गणिती अपेक्षा शून्य होय. हे गणित अनिश्चिततेचे मोल सांगते; भाव कोणत्या दिशेस जाईल, हे सांगत नाही.