तेलातला जोर आणि निसटणारा क्लच

चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती या उघड्या खाणींत कोळशाने भरलेले अवजड डंपर खोल तळातून चढ चढून वर येतात. चढावर डंपर मध्येच थांबतो, पुन्हा निघतो. चालक डाव्या पायाने क्लच दाबत नाही, तरी इंजिन बंद पडत नाही. हे कसे बरे होत असेल?

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. दुसरा अडवून धरला तरी पहिला फिरतच राहतो. डंपरच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हवेऐवजी तेल असते. इंजिनाला जोडलेले चाक, म्हणजे पंप, तेल फेकते. गिअरपेटीला जोडलेले टर्बाइन ते झेलते. दोहोंच्या मध्ये स्टेटर नावाचे तिसरे चाक असते. टर्बाइनमधून परतणारे तेल ते अशा दिशेला वळवते, की पंपाला उलट मदतच व्हावी. त्यामुळे गाडी निघताना इंजिनाचे आघूर्ण सुमारे दुप्पट होऊन चाकांकडे जाते. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले, ते मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी!

पण गाडी वेगात आली तरी टर्बाइन पंपाच्या थोडे मागेच राहते. ही तूट जाते कुठे? तेल तापवण्यात. समजा, इंजिन ३०० किलोवॅट शक्ती देत आहे आणि तिचा दहावा हिस्सा कन्व्हर्टरमध्ये वाया जातो. म्हणजे ३० किलोवॅट, मिनिटाला १८ लाख ज्यूल. एक किलो तेल एक अंशाने तापायला सुमारे २००० ज्यूल लागतात. तेल १०० किलो धरले, तर थंड करण्याची सोय नसल्यास ते मिनिटाला ९ अंश तापेल. सोय असते, पण ती तेल आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर चालते; आणि चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो.

म्हणून कन्व्हर्टरमध्ये एक लॉक-अप क्लच बसवतात. ठरावीक वेग आला, की तेलाच्या दाबाने एक अस्तर लावलेली चकती कवचावर दाबली जाते आणि पंप व टर्बाइन एकजीव होऊन फिरतात. तो दाब सोडणारी झडप विजेवर उघडते. स्वयंचलित गिअरच्या मोटारींतही हीच रचना असते. मात्र स्वयंचलित म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीत कन्व्हर्टर असतोच असे नाही. कित्येक लहान गाड्यांत साधाच क्लच यंत्राकडून दाबला जातो. तेव्हा दोष शोधण्याआधी गाडी कोणत्या जातीची, हे विचारावे!

क्लच लागतच नसेल, तर ते पेटी न उघडता कसे ओळखाल? त्रैराशिकाने. मूल-गडचिरोली रस्त्यावर गाडी ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे मिनिटाला १००० मीटर जात आहे. चाकाचा परीघ २ मीटर असेल, तर चाकाचे मिनिटाला ५०० फेरे झाले. मागचे गुणोत्तर ४ आणि वरचा गिअर सरळ एकास एक असेल, तर टर्बाइनचे फेरे २०००. आता इंजिनाचा काटा पाहा. तोही २००० दाखवत असेल, तर क्लच लागला आहे. २२०० दाखवत असेल, तर २०० फेरे, म्हणजे सुमारे ९ टक्के, कुठेतरी निसटत आहेत.

कुठेतरी असे मुद्दाम म्हटले, कारण गिअरपेटीतले इतर क्लचही निसटू शकतात. इथे दुसरा प्रयोग कामी येतो. बहुतेक गाड्यांत ब्रेकला पाय लागताच लॉक-अप सुटतो. प्रवेगकावरचा पाय तसाच ठेवून जाणकार चालक मोकळ्या रस्त्यावर ब्रेकला हलकेच स्पर्श करतो. काटा झटकन वर गेला, तर लॉक-अप लागलेला होता. शंका दुसरीकडे न्यावी. काटा हललाच नाही, तर तो लागलेलाच नव्हता.

तरीही लगेच पेटी उघडायची नाही! ती उतरवणे हे मोठे आणि खर्चाचे काम असते, आणि दोष कधीकधी ब्रेकच्या एका छोट्या बटणात असतो. ते अडकले, की यंत्रणेला वाटते चालक सतत ब्रेक दाबतो आहे, आणि ती क्लच लावतच नाही. तेल थंड असतानाही ती लावत नाही. मग झडपेच्या वेटोळ्याचा रोध मोजावा. पुस्तिकेत समजा १२ ओहम दिले आहेत आणि मापक अनंत दाखवतो. तर तार तुटली आहे. तेलाचा दाब, वास आणि रंग हेही पाहावे. जळका वास आला, तर अस्तरावर संशय घ्यायला जागा आहे.

लॉक-अप नसण्याचा तोटा उतारावर वेगळाच दिसतो. चंद्रपूरच्या खाणींत माल वर चढवायचा असतो. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज मात्र डोंगरावर आहे, ते खाली आणायचे. १०० टनांचा डंपर १०० मीटर खाली उतरला, तर ९.८ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. लॉक-अप लागलेला असेल, तर त्यातील काही भार इंजिन घेते. नसेल, तर उलट दिशेने तेलाची पकड ढिली पडते आणि ब्रेक तापतात.

याउलट, क्लच सुटतच नसेल तर? गाडी थांबताच इंजिन हिसका देऊन बंद पडते. झडपेचा विजेचा जोड काढला तरी तसेच झाले, तर वीज निर्दोष आहे; बहुधा तेलातली झडपच घाणीने अडकली आहे.

तिसरा दोष सर्वांत फसवा. ताशी ५०-६० च्या वेगात गाडी क्षणभर थरथरते, जणू खडबडीत पट्ट्यांवरून गेली. लोक चाके तपासत बसतात. वास्तविक चकती पकडते, निसटते, पुन्हा पकडते. फळ्यावर खडू कर्कश वाजतो, त्याचेही कारण हेच: स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते. कन्व्हर्टरच्या तेलात हा फरक कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तेल जुने झाले की ती निकामी होतात. म्हणून आधी योग्य जातीचे तेल आणि गाळणी बदलावी. थरथर गेली, तर अस्तर शाबूत होते. थोड्या दिवसांत परत आली, तर मात्र पेटी उतरवावी लागते.