चावीवाल्याचे फेरे

मुंबईला सात तलाव पाणी पुरवतात, हे शाळेच्या पुस्तकात असतं. घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवर, असल्फा किंवा भटवाडीच्या चढावर कोणत्याही बाईला विचारा; ती सांगेल, पाणी चावीवाला सोडतो. संपादकांनी मला पाठवलं होतं महापालिकेच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास लिहायला. टेकडीवर पोचल्यावर मी त्या माणसापाशीच थांबलो.

इतिहास थोडक्यात असा. टंचाईनं हैराण झालेल्या शहरासाठी हेन्री कॉनीबेअरच्या योजनेनुसार मिठी नदी अडवून 1860 मध्ये विहार तलाव झाला. 1879 मध्ये तुळशी, 1892 मध्ये तानसा. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव साष्टीत, म्हणजे आजच्या उपनगरांच्या उशाशी. पण नळ गेले ते दक्षिणेकडच्या शहराला; इथली गावं बहुतांशी विहिरींवरच राहिली. 1950 मध्ये अंधेरी-घाटकोपर आणि 1957 मध्ये बोरिवली-मुलुंड महापालिकेत आले. त्याच सुमारास इंजिनिअर मोडकांचं नाव लाभलेलं वैतरणेवरचं धरण, मोडक सागर, पुरं झालं. पुढे भातसा आलं. आज शहराचं जवळपास निम्मं पाणी तिथलं. तरी लोकवस्ती नेहमी पाण्याच्या पुढेच धावली. म्हणून वेळा ठरल्या: या गल्लीला पहाटे, त्या गल्लीला दुपारी. अडचणीतली ही सोय होता होता व्यवस्थाच बनली, आणि तिचा सगळा भार चावीवाल्याच्या मनगटावर आला.

चावी म्हणजे पुरुषभर उंचीची लोखंडी दांडी. वर आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण. रस्त्यातलं झाकण सरकवायचं, चेंबरमधल्या गाळात चाचपडत ती खोबण स्पिंडलच्या टोकावर बसवायची आणि फिरवायला लागायचं. आतला लोखंडी पडदा फेऱ्याफेऱ्यानं वर सरकतो, पण बाहेरून काहीही दिसत नाही. तीनशे मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला चाळीसेक फेरे लागतात, म्हणून तो मोजतो. पहिले फेरे अगदी सावकाश. रिकाम्या नळात हवा साठलेली असते; पाणी एकदम सोडलं तर तिचा धक्का बसून जुने सांधे सुटतात. बंद करतानाही तीच काळजी, कारण वाहतं पाणी अचानक अडलं की त्याचा मार नळावर बसतो.

मला खिळवून ठेवलं ते मात्र न दिलेल्या फेऱ्यांनी. पायथ्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर सगळा दाब खालच्या चाळी खाऊन टाकतात आणि वरच्या नळांना नुसती हवा येते. म्हणून खालचा व्हॉल्व्ह तो अर्धवटच सोडतो, किती ते वरच्या गल्लीच्या धारेवरून ठरवतो. "काका, आज पाणी बारीक येतंय," अशी हाक जिन्यावरून आली की वरचं होऊ दे, मग दोन फेरे देतो, म्हणतो. एका व्हॉल्व्हचे आटे झिजलेत, तिथे चावी फिरते पण पडदा जागचा हलत नाही. हे त्याला हाताला लागणाऱ्या हलकेपणावरून कळतं. नकाशावर तो व्हॉल्व्ह धडधाकट आहे. हा माणूस एका टेकडीचा न्याय रोज करतो, आणि त्याच्या हुद्द्याला त्या मानाचा अंशही नाही, याची मला खंत वाटते.

आता चोवीस तास पाण्याची गोष्ट. मुलुंडचा टी विभाग आणि वांद्रे पश्चिमेचा एच-पश्चिम विभाग त्यासाठी प्रायोगिक म्हणून निवडले गेले. विचार रास्त आहे. पुरवठा थांबला की नळातला दाब जातो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं; सकाळची पहिली गढूळ बादली तिथूनच येते. सतत दाब राहिला तर हे थांबेल. पण गळणारा नळ दोन तास गळतो त्याऐवजी चोवीस तास गळेल. शहराला रोज मिळणाऱ्या तीन हजार आठशे दशलक्ष लिटरहून अधिक पाण्यापैकी मोठा हिस्सा आजच गळतीत आणि चोरीत जातो. इमारतींच्या जमिनीखालच्या टाक्या मिळेल तेवढं पाणी ओढत राहतील, आणि टेकडीच्या टोकाला काय उरेल? 2014 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की झोपडी बेकायदा ठरली तरी तिथल्या माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. त्या हक्काची जोडणी या चढावरच द्यायची आहे.

त्यात जमिनीखाली सगळ्यांचीच गर्दी. 2023 च्या अखेरीस अंधेरीत मेट्रोच्या कामात ड्रिलिंग होताना मोठी जलवाहिनी फुटली आणि अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत नळ कोरडे पडले. नळ नेमका कुठून जातो, एवढी माहितीही हाताशी नसेल तर संगणकावरून हलणारे व्हॉल्व्ह तरी कशाच्या भरवशावर चालवायचे? त्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हचे फेरे, झिजलेले आटे, खालच्या आणि वरच्या गल्लीचं नातं चावीवाल्याबरोबर फिरून लिहून काढावं लागेल. ते त्याच्या निवृत्तीआधी व्हायला हवं. नाहीतर नव्या माणसाला तोच चेंबर पुन्हा पहिल्यापासून चाचपावा लागेल, आणि तो शिकेपर्यंत कोरडी राहणारी गल्ली ठरलेली आहे: सगळ्यात वरची.