सहा बटणे की एक?

कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ साली आला, तेव्हा त्याच्या एका यंत्रावर दोनच मोठ्या गाद्या होत्या : एक ठोशाची, एक लाथेची. जितक्या जोराने हात मारावा, तितका फटका जबर. सहा बटणे आली ती या गाद्यांना पर्याय म्हणून. पुढे तीच ‘अस्सल’ पद्धत ठरली.

२०२३च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये या ‘क्लासिक’ पद्धतीशेजारी ‘मॉडर्न’ आली. क्लासिकमध्ये ‘हादोकेन’ हा ऊर्जेचा गोळा फेकायला दांडी खाली, तिरकी, पुढे अशी फिरवून ठोशाचे बटण दाबावे लागते. मॉडर्नमध्ये एक बटण पुरते. मात्र अशा सोप्या डावाचा मार २० टक्क्यांनी घटतो आणि काही साधे फटके मुळी मिळतच नाहीत.

याला लबाडी म्हणणे मला पटत नाही. बोटांची सफाई हे कसब आहेच, पण लढतीचे व्याकरण निराळे : खालचा वार बसून अडवावा, उडीतला उभ्याने, उडी घेणाऱ्याला हवेतच गाठावे. हे शिकताना नजर प्रतिस्पर्ध्यावर हवी. नवख्याने ती मोकळी ठेवणारी पद्धत निवडावी. पन्नाशीत या खेळाकडे वळल्यावर मी मॉडर्न घेतली, ती याचसाठी.