दांडपट्ट्याची हूल

गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत लक्ष्मी रस्त्यावरून दांडपट्टा फिरवीत जाणारीं मुलें आमच्या पुण्याच्या वाचकांनीं गॅलरींतून पाहिलीं असतीलच. टाळ्या पडतात त्या वेगास. आमच्या मतें या विद्येचें मर्म वेगाहून वेळ साधण्यांत अधिक आहे.

पट्ट्याची मूठ नीट पाहावी. हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी आवरणांत जातो व आंतील आडवी दांडी मुठींत धरावी लागते. त्यामुळें मनगट वळत नाहीं. तलवारीचें पातें मनगटाच्या झटक्यानें आंवरतां येतें. पट्टेकऱ्यास ती सोय नाहीं. त्यानें वार करावयाचा तो खांद्यानें, कमरेनें आणि पावलांनीं. लांब, लवचीक पातें एकदां थांबलें कीं त्यास पुन्हां गति देईपर्यंत प्रतिपक्षी आंत शिरलाच म्हणून समजावें!

हाच क्षण सोळाव्या शतकांतील चिनी सेनापति यू दायू यानेंही हेरला होता. शत्रूचा एक जोर सरला आहे व दुसरा अद्याप निघालेला नाहीं, अशा संधींत घाव घालावा, असें तो शिकवी. (त्याच्या ग्रंथाचें नांव तलवारीचें आणि विषय काठीचा, ही एक गंमतच.) त्याचा समकालीन सेनापति छी जीग्वांग यानें तें प्रकरण आपल्या सैन्यशिक्षणाच्या पुस्तकांत घेतलें.

पट्ट्यानें ही संधि देऊंच नये, अशी आपल्याकडील योजना. एका वाराचा शेवट तोच पुढच्याचा आरंभ. पातें आठाच्या आंकड्यासारखें फिरत राहतें व पावलें त्याच्या मागोमाग पवित्रे बदलतात.

आतां हूल. चिनी शास्त्रांत वाराचे ‘रिकामा’ आणि ‘भरीव’ असे भेद आहेत. हूल हा रिकामा वार खरा, पण समोरच्यास तो भरीव वाटला पाहिजे. म्हणजे समोर कोणी तरी हवा! लिंबू कापण्याच्या प्रयोगानें हाताची नेमकेपणा कळतो. परंतु लिंबू कांहीं हुलीस फसत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत जोतीराव फुले पुण्यांत लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे दांडपट्टा शिकले. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें या शस्त्रास राज्यशस्त्राचा मान दिला. मान मिळाला, प्रात्यक्षिकेंही वाढलीं. पण जोडीचा खेळ मागें पडला, तर ‘पवित्रा’ व ‘हूल’ हे शब्द आपल्या बोलण्यांत तेवढे उरतील. म्हणून मुलांस वर्गास घालतांना वडीलमंडळींनीं वस्तादांस एवढें अवश्य विचारावें, कीं ढाल व काठी घेऊन समोरासमोर खेळावयाचा फरीगदगा केव्हां सुरू होणार?