विडी, जनुक आणि ‘पुरे’चा इशारा

‘आमचे आजोबा ऐंशी वर्षांचे होईपर्यंत विडी ओढत होते, त्यांना काही झालं नाही.’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, पण सोयीपुरतंच.

हा धोका कुणाला जास्त असतो याचं उत्तर जनुकांत शोधताना, एप्रिल 2008 मध्ये तीन स्वतंत्र संशोधक गटांचं बोट एकाच जागी गेलं. ती जागा म्हणजे पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा. निकोटिन मेंदूतल्या ज्या ग्राहींना चिकटतं, ते घडवणारी जनुकं तिथे असतात. तिथला एक बदल आईकडून किंवा वडिलांकडून आला, तर धूम्रपान करणाऱ्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी वाढतो. दोघांकडून आला तर सुमारे 70 ते 80 टक्क्यांनी.

हा बदल थेट फुप्फुसावर घाव घालतो की माणसाला जास्त ओढायला लावतो, यावर तेव्हा बराच वाद झाला. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतून एक गमतीशीर गोष्ट दिसली. निकोटिन जास्त झालं की मेंदू ‘पुरे आता’ असा इशारा देतो. संबंधित ग्राही नीट चालत नसेल तर तो इशारा क्षीण होतो. हा बदल असलेली माणसंही प्रत्येक झुरका खोल ओढत असावीत, त्यामुळे धूरही जास्त आत जातो. वादाचा निकाल बराचसा याच बाजूने लागला, असं मला वाटतं.

मात्र ज्यांनी कधीच ओढलं नाही, त्यांच्यात या बदलाचा ठळक परिणाम बहुतेक अभ्यासांत दिसलेला नाही. आणि हा बदल नसलेल्या धूम्रपान करणाऱ्याचाही धोका न ओढणाऱ्याच्या कित्येक पट असतोच. तेव्हा जनुक-चाचणीच्या मागे लागू नका. सोडायचं असेल तर 1800-112-356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.