आंतरराष्ट्रीय हॉकी : ती कशी खेळतात व कशी पाहावी

ऑलिंपिकमध्यें ज्या एका खेळानें भारताला आठ सुवर्णपदकें मिळवून दिलीं, तो हॉकीचा खेळ आपल्या चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशांतील पुष्कळ घरीं केवळ बातमीपुरता परिचित आहे. भारत जिंकला म्हणजे आपण आनंदित होतों, हरला म्हणजे हळहळतों. परंतु दूरचित्रवाणीवर सामना चालूं असतां पंचानें शिट्टी कां वाजविली, पांच खेळाडू गोलांत जाऊन कां उभे राहिले, उत्तम खेळणारा गडी मध्येंच बाहेर कां आला, हें ध्यानांत न आल्यामुळें आपलें लक्ष उडून जातें. ज्या खेळाचे नियम कळत नाहींत, त्यांतील पराक्रमही कळत नाहीं. म्हणून विद्यार्थिमित्रहो, आजची आंतरराष्ट्रीय हॉकी कशी खेळतात हें या लेखांत क्रमानें पाहूं. आणि आपल्या मुरमाच्या मैदानावरून त्या खेळापर्यंत जाण्यास वाट आहे काय, याचाही विचार करूं.

प्रथम मैदान पाहूं. त्याची लांबी ९१.४० मीटर व रुंदी ५५ मीटर असते. दोन्ही टोकांस ३.६६ मीटर रुंद व २.१४ मीटर उंच असा एकेक गोल असतो. गोलाच्या समोर १४.६३ मीटर अंतरावर एक वळणदार रेघ काढलेली असते. तिच्या आंतील भागास खेळाडू ‘डी’ म्हणतात. हॉकीचें सारें मर्म या ‘डी’मध्यें आहे. फुटबॉलमध्यें दुरून मारलेला चेंडू गोलांत गेला तरी गोल होतो. हॉकींत मात्र चढाई करणाऱ्या गड्याच्या स्टिकचा स्पर्श चेंडूस ‘डी’च्या आंत झाला असेल तरच तो गोल मोजला जातो. त्यामुळें ‘डी’त शिरणें हेंच चढाईचें ध्येय व तेथें शिरूं न देणें हेंच बचावाचें कर्तव्य होय.

चेंडू कठीण असून त्याचें वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतें. स्टिकची डावी बाजू सपाट व उजवी बाजू गोलसर असते. चेंडू सपाट बाजूनेंच खेळावा लागतो. गोलसर पाठ लागली कीं दोष होतो. डावखुऱ्यासाठीं निराळी स्टिक नसते. सर्वांस एकाच घडणीच्या स्टिकनें खेळावें लागतें. म्हणून डाव्या अंगाला आलेला चेंडू घेण्यासाठीं मनगट वळवून स्टिक उलटी करावी लागते, आणि हें कौशल्य ज्यास साधलें तोच कुशल खेळाडू. चेंडू पायानें अथवा अंगानें अडविणें नियमबाह्य आहे. ती मुभा केवळ गोलरक्षकास, व तीही त्याच्या ‘डी’पुरती.

एका वेळीं प्रत्येक संघाचे अकरा गडी मैदानावर असतात. सामना ६० मिनिटांचा असून त्याचे १५ मिनिटांचे चार भाग पाडतात. राखीव गडी केव्हांही आंत येऊं शकतो व बाहेर गेलेला गडी पुन्हा परतूं शकतो. याचें कारण खेळाचा वेग होय. आघाडीचा खेळाडू कांहीं मिनिटें जीव तोडून धांवतो, बाहेर येऊन दम घेतो, आणि पुन्हा आंत जातो. तेव्हां एखादा नामांकित खेळाडू मध्येंच बाहेर आला म्हणजे प्रशिक्षक त्याच्यावर रुष्ट झाला असें समजूं नये.

आतां खेळाची युक्ति पाहूं. आपल्या विदर्भांत आट्यापाट्या पुष्कळांनीं खेळल्या आहेत. पाटीवरचा गडी एका अंगाला झुकला कीं दुसऱ्या अंगाची वाट मोकळी होते, हें त्या खेळांतील पहिलें सूत्र. हॉकींतही हेंच सूत्र आहे. फरक एवढाच कीं येथें मोकळ्या वाटेनें गड्याच्या आधीं चेंडू जातो. उजवीकडे तीन-चार पास देऊन प्रतिपक्षाला तिकडे ओढावयाचें, आणि एकाएकीं चेंडू डावीकडील रिकाम्या जागेंत पाठवावयाचा, असा हा डाव असतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ऑफसाइडचा नियम काढून टाकल्यामुळें आघाडीचा गडी प्रतिपक्षाच्या गोलाजवळही उभा राहूं शकतो. त्यामुळें बचाव करणाऱ्यांची चिंता वाढली. पुढें २००९ सालीं मोकळा फटका मिळालेल्या गड्यास चेंडू स्वतःच पुढें नेण्याची परवानगी मिळाली, आणि खेळ अधिकच शीघ्र झाला. यासाठीं सामना पाहतांना केवळ चेंडूवर दृष्टि खिळवूं नये. ज्याच्याजवळ चेंडू नाहीं तो गडी कोणत्या रिकाम्या जागेकडे धांवतो, हें पाहावें.

हॉकींतील सर्वांत रोमहर्षक प्रसंग म्हणजे पेनल्टी कॉर्नर. बचाव करणाऱ्यानें ‘डी’मध्यें नियमभंग केला, किंवा गोलापासून २३ मीटरच्या रेघेच्या आंत बुद्धिपुरस्सर दोष केला, म्हणजे हा फटका मिळतो. त्या वेळीं गोलरक्षक धरून केवळ पांच गड्यांना गोलाच्या रेघेमागें उभें राहतां येतें. त्यांच्या बाकीच्या सोबत्यांना मध्यरेषेपलीकडे जावें लागतें. एक गडी गोलाच्या खांबापासून किमान १० मीटर अंतरावरून चेंडू आंत ढकलतो, दुसरा तो ‘डी’बाहेर थांबवितो, आणि तिसरा गोलावर नेम धरतो. पहिला प्रहार टोला मारून केला तर चेंडू गोलाच्या रेघेवर ४६ सेंटिमीटरपेक्षां अधिक उंच जाऊं नये असें बंधन आहे. परंतु स्टिकवर चेंडू ओढीत नेऊन फेंकला, तर हें बंधन नाहीं. या ओढून फेंकण्यास ड्रॅग फ्लिक म्हणतात, व त्या चेंडूचा वेग ताशीं शंभर किलोमीटरहून अधिक असूं शकतो. बचाव करणारे गडी तोंडावर मुखवटे चढवून याच चेंडूवर धांवून जातात. नक्की होणारा गोल नियमभंगानें अडविला गेल्यास मात्र पेनल्टी स्ट्रोक मिळतो, आणि तेथें फेंकणारा व गोलरक्षक असे दोघेच समोरासमोर असतात.

मैदानावर दोन पंच असतात. हिरवें कार्ड दाखविलें कीं गडी २ मिनिटें बाहेर. पिवळें दाखविलें तर किमान ५ मिनिटें. आणि तांबडें दाखविलें तर सामना संपेपर्यंत बाहेर. तेवढा वेळ त्या संघास एक गडी कमी घेऊन खेळावें लागतें. पंचाचा निर्णय चुकला असें वाटल्यास संघ चित्रफीत पाहून फेरविचार करण्याची विनंती करूं शकतो. ती योग्य ठरली तर हा अधिकार टिकतो, अयोग्य ठरली तर जातो. बाद फेरींत बरोबरी झाल्यास शूटआउट घेतात. तीत एक गडी २३ मीटरच्या रेघेवरून चेंडू घेऊन निघतो, समोर एकटा गोलरक्षक असतो, आणि गोल करण्यास अवघे ८ सेकंद मिळतात.

हे सर्व नियम एकाच सामन्यांत पाहावयाचे असतील तर ४ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें झालेला भारत व ग्रेट ब्रिटन यांचा उपांत्यपूर्व सामना आठवावा. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदास यास तांबडें कार्ड मिळालें. भारताला उरलेलीं सुमारे ४३ मिनिटें दहा गड्यांनिशीं काढावयाचीं होतीं. तरीही कर्णधार हरमनप्रीत सिंग यानें पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. ब्रिटननें मध्यांतरापूर्वीं बरोबरी साधली. आणि त्यानंतर भारतीय बचावफळीनें व गोलरक्षक श्रीजेश यानें एकही गोल होऊं दिला नाहीं. शूटआउटमध्यें भारत ४-२ असा विजयी झाला. एक गडी कमी असतां दहाजणांनीं अकराव्याचें ओझें वांटून घेतलें, हेंच त्या विजयाचें रहस्य. पुढें ८ ऑगस्ट रोजीं स्पेनला २-१ असें हरवून भारतानें कांस्यपदक मिळविलें.

येथें कोणी विचारील, कीं पूर्वीं सुवर्णपदकें जिंकणारा आपला देश मध्यंतरीं मागें कां पडला? त्याचें एक मोठें कारण पायांखालच्या जमिनीत आहे. गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो. तेथें तो स्टिकला चिकटवून नेणारें भारतीय मनगट श्रेष्ठ ठरत असे. १९७६ सालीं माँट्रियल येथें ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. कृत्रिम मैदानावर पाणी शिंपडतात. चेंडू त्यावर सरळ व वेगानें घसरत जातो. तेथें लांब पास, धांवण्याची शक्ति व आखलेली व्यूहरचना यांचें महत्त्व वाढलें. अशीं मैदानें खर्चिक, आणि आपल्याकडे तीं फारच थोडीं होतीं. १९८० च्या मॉस्को येथील सुवर्णपदकानंतर ऑलिंपिक पदकासाठीं आपणांस टोकियो येथील स्पर्धेपर्यंत, म्हणजे ४१ वर्षें वाट पाहावी लागली. मधल्या काळांत २००८ सालीं तर आपला संघ ऑलिंपिकसाठीं पात्रही ठरला नाहीं.

मग जेथें असें मैदान जवळपास नाहीं, तेथील मुलामुलींनीं ही आशाच सोडावी काय? इतिहास तसें सांगत नाहीं. १९२८ सालीं ॲमस्टरडॅम येथें भारताला पहिलें सुवर्णपदक मिळालें, त्या संघाचे कर्णधार जयपाल सिंग मुंडा हे छोटा नागपूरच्या वनप्रदेशांतील आदिवासी कुटुंबांत जन्मले व रांचीच्या मिशन शाळेंत शिकले. ओडिशांतील सुंदरगड जिल्हा आपल्या गडचिरोलीसारखाच रानावनाचा व आदिवासी वस्तीचा; तेथील दिलीप तिर्की तीन ऑलिंपिक स्पर्धा खेळले व भारताचे कर्णधार झाले, आणि वर सांगितलेला अमित रोहिदासही त्याच जिल्ह्याचा. आपल्या महाराष्ट्रांत धनराज पिल्ले हे पुण्याजवळील खडकीच्या आयुध निर्माणीच्या वसाहतींत वाढले. वडील मैदानाची देखभाल करीत, आणि मुलगा मोडक्या स्टिकनें मातीवर खेळे. तेच धनराज चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळले, आणि १९९८ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें आशियाई सुवर्णपदक जिंकलें. आपल्या भद्रावतीसही आयुध निर्माणी आहे, वसाहत आहे, मोकळी जागा आहे. मुलींविषयीं म्हणाल, तर सातारा जिल्ह्यांतील फलटण तालुक्याची वैष्णवी विठ्ठल फाळके ही २०२३ सालीं हांगझोऊ येथील आशियाई खेळांत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत होती.

परंतु सत्य झांकून उपयोग नाहीं. मातीवर सर्वच शिकतां येत नाहीं. कृत्रिम मैदानावरचा वेग, तेथील लांब पास व ड्रॅग फ्लिक यांची संवय त्याच मैदानावर होते. त्यासाठीं योग्य वयांत पुण्यासारख्या ठिकाणीं शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीकडे वळावें लागतें. मात्र तेथें जाण्यापूर्वींची तयारी गांवीं होऊं शकते. उसळता चेंडू स्टिकवर अलगद थांबविणें, मान वर करून रिकामी जागा पाहणें, पास देऊन लगेच धांवणें, चुकलेल्या सोबत्याची जागा भरून काढणें, आणि पंचाची शिट्टी वाजतांच वाद न घालतां पांच मीटर मागें सरणें, हे पाठ मुरमावरही तितकेच चांगले शिकतां येतात. उलट ओबडधोबड जमिनीवर चेंडू सांभाळणारें मूल गुळगुळीत मैदानावर सहसा गडबडत नाहीं.

पालकांस एवढीच विनंती कीं, मूल सायंकाळीं स्टिक घेऊन बाहेर पडलें तर वेळ फुकट गेला असें मानूं नये. प्रत्येक खेळणारें मूल भारताच्या संघांत जाईल असें नाहीं. बहुतेक जाणार नाहींत. परंतु दहाजणांत अकराव्याचें काम वांटून घेण्याची जी शिकवण पॅरिसच्या त्या सामन्यानें दिली, ती शेतांत, खाणींत, कचेरींत व संसारांत सर्वत्र उपयोगीं पडणारी आहे. पुढचा सामना लागेल तेव्हां घरांतील सर्वांनीं मिळून तो पाहावा, आणि शिट्टी कां वाजली हें मुलांनीं आईवडिलांस समजावून सांगावें.