तांडेल बोटीवर घडतो, वाचन शिकवणारा शिक्षक वर्गात

सातपाटी म्हटले की पापलेट आठवते. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा म्हणून घोषित झाला, त्याचा आनंद या गावाला सर्वांत जास्त झाला असेल. अशा गावात चांगला तांडेल कसा तयार होतो, हे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. पोरगा आधी खलाशी म्हणून बोटीवर जातो. वारा, पाण्याचा रंग, उधाण-भांगाचा हिशेब, जाळे कुठे टाकायचे आणि कधी ओढायचे, हे सगळे तो करता करता शिकतो. चुकले, तर शेजारी उभा असलेला जाणता माणूस तिथल्या तिथे सांगतो. सभागृहात दोन दिवस भाषण ऐकवून आणि प्रमाणपत्र देऊन कुणी त्याच्या हाती सुकाणू देत नाही.

पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवणाऱ्या शिक्षकांच्या बाबतीत मात्र आपण बरीच वर्षे नेमके हेच करत आलो आहोत. तालुक्याच्या गावी प्रशिक्षण होते. तज्ज्ञ बोलतात, पडद्यावर मुद्दे सरकतात, हजेरीपत्रकावर सह्या होतात. दुसऱ्या दिवशी शिक्षक वर्गात एकटा असतो. समोरच्या तीस मुलांपैकी आठ जणांना ‘क’ आणि ‘फ’ अजून वेगळे दिसत नसतात, आणि त्या आठ जणांचे काय करायचे हे प्रशिक्षणात कुणी दाखवलेले नसते. शिक्षकांचे व्यावसायिक प्रशिक्षण हा विषय प्रशासनाचा वाटतो खरा, पण त्याची मुळे मेंदूविज्ञानात आणि भाषाविज्ञानात आहेत.

वाचन आपोआप येत नाही

बोलणे मूल ऐकून ऐकून शिकते. वाचनाचे तसे नाही. माणूस बोलू लागला त्याला लाखभर वर्षे तरी झाली असतील. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची आहे. त्यामुळे मेंदूत वाचनासाठी जन्मतः तयार असा भाग नाही. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांपैकी काही भाग शिकवणीमुळे अक्षरांच्या कामाला लागतो आणि भाषेच्या केंद्रांशी जोडला जातो. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ब्राझील व पोर्तुगालमधील प्रौढांचा अभ्यास मांडला. लहानपणी शाळेत शिकलेले, मोठेपणी साक्षर झालेले आणि निरक्षर अशा तिन्ही गटांच्या मेंदूंची त्यांनी तुलना केली. वाचता येणाऱ्यांमध्ये डाव्या बाजूचा हा भाग अक्षरांना ठळक प्रतिसाद देत होता. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांमध्येही हा बदल दिसला. म्हणजे ही जोडणी शिकवण्यातून घडते, आणि ती घडवणारा माणूस म्हणजे शिक्षक.

ही जोडणी पुरी झाली म्हणजे वाचन आले, असेही नाही. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या संशोधकांनी एक साधे सूत्र मांडले: अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता, म्हणजे वाचून समजणे. यात बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर उत्तर शून्यच. धडा खडाखडा वाचणारे पण त्याचा अर्थ सांगू न शकणारे मूल अनेकांनी पाहिले असेल. तिथे या गुणाकारातला दुसरा आकडा लहान राहिलेला असतो.

देवनागरीचा हिशेब

इंग्रजीत २६ अक्षरे. मराठीत व्यंजने सुमारे ३६, आणि बाराखडी धरली तर ३६ गुणिले १२ म्हणजे ४३२ चिन्हे, जोडाक्षरे वेगळीच. शिवाय ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लिहिताना आधी काढावा लागतो. आपली लिपी उच्चाराशी प्रामाणिक आहे हे खरे, पण सहा वर्षांच्या मुलासाठी तिचा पसारा मोठा आहे. कन्नड शाळांतील मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या संशोधनात दिसले, की अशा अक्षरप्रधान लिपीवर पकड बसायला प्राथमिक शाळेची अनेक वर्षे जातात. म्हणजे पहिलीच्या शेवटी सगळे यायलाच हवे, ही अपेक्षा लिपीच्या स्वभावाला धरून नाही.

मग शिकवायचे कसे? अ, आ, इ, ई पासून ज्ञपर्यंत क्रमाने जायचे, मग बाराखडी, मग शब्द, मग वाक्य हा जुना मार्ग. त्यात मुलाला पहिला अर्थपूर्ण शब्द वाचायला काही महिने थांबावे लागते. दुसरा मार्ग अक्षरगटांचा. म, स, ज, त, ळ ही पाच अक्षरे आणि काना व दुसरी वेलांटी एवढेच घ्या. लगेच ‘मासा’, ‘मासळी’, ‘जाळी’, ‘माती’, ‘सात’, ‘मी’ हे शब्द होतात, आणि ‘मासळी जाळीत’ हे सातपाटीच्या मुलाला डोळ्यांपुढे दिसणारे वाक्यही होते. अक्षर, शब्द आणि अर्थ तिन्ही पहिल्या पंधरवड्यातच हाती येतात. मात्र कोणत्या गावात कोणती अक्षरे आधी घ्यायची, कोणत्या मुलाला कुठे थांबवायचे, हा निर्णय शिक्षकालाच घ्यावा लागतो. तो घेता येणे हेच त्याचे कौशल्य.

वाड्याच्या वर्गांत काय दिसले

हे सगळे आपल्याच जिल्ह्यात तपासले गेले आहे. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील वाडा या दोन ठिकाणी पहिली ते तिसरीतील मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठाने प्रसिद्ध केला. वर्गात बराच वेळ अक्षरे गिरवण्यात आणि फळ्यावरचे उतरवून घेण्यात जातो. स्वतःच्या मनातले लिहिण्याची संधी फारशी मिळत नाही. गोष्ट ऐकणे, तिच्यावर बोलणे यांना जागा कमी. घरची बोली वर्गाबाहेर राहते, असे चित्र त्यातून पुढे आले. जे मूल सुरुवातीला मागे पडते, त्याच्यासाठी पाठ्यपुस्तक थांबत नाही. ते पुढच्या इयत्तेत जाते, पण वाचन मागेच राहते.

यात शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. बहुतेक शिक्षक स्वतः जसे शिकले तसेच शिकवतात. दुसरी रीत प्रत्यक्ष चालताना त्यांनी पाहिलेलीच नसते.

माणसाकडून माणसाकडे आलेली परंपरा

पालघर जिल्ह्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयातील नोकरी सोडून ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबत काम करायला गेल्या आणि बालशिक्षण तिथे बालमंदिरात, मुलांमध्ये राहून शिकल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तिथे अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात आणि गुरांच्या मागे कुरणात न्यायची, हा विचार तिथे प्रत्यक्षात आला. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तोवर अनुताई जवळजवळ तीन दशके त्यांच्याबरोबर काम करत होत्या. पुढे १९८२ मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली. तिथे काम केलेले नीलेश निमकर यांनी २००७ मध्ये ‘क्वेस्ट’ ही संस्था सुरू केली. ती वाडा तालुक्यातील सोनाळे येथून शिक्षकांसोबत काम करते. या सगळ्या साखळीत प्रत्येकाने आधीच्या माणसाला मुलांसमोर काम करताना पाहिले आहे.

आकडे काय सांगतात

हे फक्त आपल्या मातीतले निरीक्षण नाही. दक्षिण आफ्रिकेत सेत्स्वाना या मातृभाषेतील वाचन सुधारण्यासाठी सरकारी शाळांमध्ये एक नियंत्रित प्रयोग झाला. शिक्षकांच्या दोन गटांना तेच साहित्य आणि तेच रोजचे पाठ-आराखडे दिले. एका गटाला केंद्रावर बोलावून प्रशिक्षण. दुसऱ्या गटाच्या वर्गात मात्र अनुभवी मार्गदर्शक ठरावीक काळाने स्वतः येत होता. दोन वर्षांनी मुलांचे वाचन तपासले. दोन्ही गटांत सुधारणा होती, पण मार्गदर्शक वर्गात येत होता तिथे ती दुप्पट होती. कारणही सापडले: तिथले शिक्षक मुलांचे छोटे गट करून वाचन घेऊ लागले होते, त्यामुळे प्रत्येक मुलाला स्वतः वाचायची संधी जास्त मिळाली.

मग मार्गदर्शक फोनवर आणि टॅबलेटवर का नको? तेही त्याच देशात इंग्रजीच्या बाबतीत तपासले गेले. तीन वर्षांनी प्रत्यक्ष भेटी होणाऱ्या शाळांत मुलांचे इंग्रजी वाचन सुधारले. दुरून मार्गदर्शन मिळालेल्या शाळांत वाचनावर परिणाम दिसला नाही.

एक सावधगिरीही नोंदवायला हवी. २०१८ मध्ये क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी अशा ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वर्गातील मार्गदर्शनाने शिकवणे स्पष्टपणे सुधारते आणि मुलांची संपादणूकही वाढते, हे त्यांना दिसले. पण कार्यक्रम मोठा होत गेला की परिणाम घटत गेला. चांगले मार्गदर्शक मोजकेच असतात. नुसते पदनाम बदलून ते तयार होत नाहीत.

चूक ही खूण असते

असा मार्गदर्शक नेमके करतो काय? समजा, दुसरीतल्या मुलाने वहीत ‘आमची जाली’ असे लिहिले. बाईंनी लाल पेनाने ‘ल’वर फुली मारली. मागे बसलेला मार्गदर्शक तास संपल्यावर म्हणतो, “बाई, त्याने ऐकलं तसंच लिहिलंय. घरी तो ‘जाली’च म्हणतो ना?” किनारपट्टीवरच्या अनेक बोलींत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. पालघरमध्ये तर मांगेली, वाडवळी, वारली अशा कितीतरी बोली घराघरांत आहेत. त्या मुलाने ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी अचूक केली आहे. त्याला अजून शाळेची मराठी पुरेशी ऐकायला मिळालेली नाही. त्याला दहा वेळा ‘जाळी’ लिहायला लावण्यापेक्षा दोन्ही उच्चार शेजारी शेजारी ऐकवणे, बोलीला हसू न देणे आणि गोष्टींतून प्रमाण मराठी कानावर घालणे अधिक उपयोगी. पण दुसऱ्या मुलाने ‘जाळी’ऐवजी ‘जळ’ लिहिले, तर त्याची अडचण मात्रांची आहे. दोन चुका, दोन उपाय. हा फरक त्या वहीकडे एकत्र बघताना कळतो, भाषणातून कळत नाही.

याचा आरोग्याशीही थेट संबंध आहे. वाचन न येणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘डिस्लेक्सिया’ असतो असे नाही आणि प्रत्येक मूल ‘आळशी’ही नसते. एखाद्याला फळा धूसर दिसत असतो, एखाद्याला एका कानाने कमी ऐकू येत असते. यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत तपासणी करतात. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, आणि तिचे निदान सहसा आठ वर्षांच्या आसपास व पुढे, मुलाला शिकण्याची पुरेशी संधी मिळाल्यानंतर केले जाते. ती संधी खरोखर मिळाली होती का, हे सांगू शकतो तो नीट शिकवणारा शिक्षकच. शिकवणेच अपुरे असेल, तर कोणाला उपचार हवेत आणि कोणाला केवळ सराव, हे कळणार कसे?

यंत्रणा आहे, वेळ हवा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण मिळणे अपेक्षित आहे. ‘निपुण भारत’ अभियान २०२१ पासून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे यासाठी चालू आहे. केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषदा होतात. म्हणजे नवी यंत्रणा उभारायची नाही. प्रश्न आहे तो त्या ५० तासांतले किती तास वर्गात खर्च होतात हा. केंद्रप्रमुखाचा दिवस माहिती गोळा करण्यात आणि तक्ते भरण्यात गेला, तर तो दुसरीच्या वर्गात मागे बसणार कधी? शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी प्रत्येक शिक्षकाने मुलांच्या चार वह्या आणल्या आणि त्यांवर तासभर बोलणे झाले, तरी त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

पालकांनाही यात भाग घेता येतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पाण्याच्या टाकीबरोबर तीन प्रश्न विचारावेत. वर्गात रोज गोष्ट वाचून दाखवली जाते का? मुले आठवड्यातून एकदा तरी स्वतःच्या मनाचे काही लिहितात का? आणि आमच्या बाईंच्या, सरांच्या वर्गात मदतीसाठी कुणी जाणता माणूस या महिन्यात येऊन बसला होता का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तक्रार शिक्षकाविरुद्ध करायची नाही. शिक्षकाला तो सोबती मिळावा, अशी मागणी शिक्षकाच्या बाजूने उभे राहून करायची.